नकाशा बदलून देणाऱ्यास खुले पत्र

श्री. हेस्तोरसाहेब यांसी,

कृ. सा. न. वि. वि.

मेक्सिकोत आपल्याला हेस्तोर म्हणतात. आमच्याकडे कचेरीसमोरच्या टपरीवर भेटता तेव्हा आपण एजंट असता, आणि परदेशी कंपनीच्या हिशेबात शिरलात की सल्लागार होता. नेमका पत्ता कोणाकडेच नाही, म्हणून पत्र थेट छापायला दिलं. पोचेलच. आपल्याला सगळं पोचतं.

आधी तेओतिवाकानबद्दल अभिनंदन करतो. थोडा उशीर झाला, पण काही कामगिऱ्या जुन्या होत नाहीत. मेक्सिको सिटीजवळचे ते जगप्रसिद्ध पिरॅमिड, त्यांच्यापासून जेमतेम दीड किलोमीटरवर लसूणघासाचं एक शेत. वॉलमार्टला दुकानासाठी नेमकं तेच हवं होतं, आणि गावाच्या नव्या विकास आराखड्यात तिथे दुकानाला मनाई होती. 2003 च्या ऑगस्टमध्ये नगर परिषदेने नकाशा मंजूर केला. राजपत्रात छापून आला तेव्हा ते शेत अलगद व्यापारी पट्ट्यात जाऊन बसलं होतं. खर्च 52 हजार डॉलर. ना हरकती, ना सुनावणी, ना मोर्चा. मोर्चे नंतर निघाले, उपोषणंही झाली, पण तोवर नकाशा कायदेशीर झाला होता आणि 2004 च्या नोव्हेंबरात दुकान उघडलं. पुण्यात विकास आराखड्यावरची हरकत दोन प्रतींत घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा, ही कला काय आहे ते. न्यू यॉर्क टाइम्सच्या डेव्हिड बार्स्टो आणि अलेहांद्रा शानिक यांनी 2012 मध्ये हे सगळं उजेडात आणलं, तर पुढच्या वर्षी पुलित्झर त्यांना मिळालं. मूळ कलाकाराचा उल्लेखही नाही.

आपले अशील मात्र भारी हळवे. परिषदांमधून डोळ्यांत पाणी आणून सांगतात की, काय करणार हो, त्या देशात पद्धतच तशी आहे. हात ओले केल्याशिवाय कागद हलत नाही. काही वेळा हे खरंही असतं. माल गोदीत अडकलाय, रोज भाडं चढतंय आणि समोरचा साहेब रोज नवी त्रुटी काढतोय, अशा माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण मेक्सिको सिटीत ग्वादालुपे बॅसिलिकाजवळच्या दाट वस्तीत वॉलमार्टचं सॅम्स क्लब उभं राहिलं ते बांधकाम परवान्याविना, पर्यावरण परवान्याविना, वाहतुकीच्या परवान्याविना. टाइम्सच्या हिशेबाने आठ हप्ते, एकूण 3 लाख 41 हजार डॉलर. हळू चालणारी फाइल पळवली म्हणावं, तर पळवायला फाइल तरी हवी! याला नाइलाज म्हणायचं तर दरोड्याला उसनवारी म्हणावं लागेल.

याच मालिकेतला दुसरा प्रसंग मला जास्त लागला. शहराच्या उत्तरेला पुराच्या पाण्याचा नाजूक खोलगट प्रदेश. तिथे विजेची इतकी टंचाई की लहान बांधकाम व्यावसायिकांना दारातूनच परत पाठवलं जात होतं. तिथेच वॉलमार्टचं अवाढव्य शीतगोदाम झालं. नऊ हप्ते, 7 लाख 65 हजार डॉलर. त्या लहान माणसांच्या अर्जांवर ‘वीज उपलब्ध नाही’ असा शेरा पडला असेल, तर तो खोटा नव्हता, एवढं आपल्या बाजूने नोंदवतो. वीज खरंच उपलब्ध नव्हती. त्यांना.

आता त्यांच्या जागी एखादी सरळमार्गी परदेशी कंपनी ठेवा. तिला भाषा येत नाही, कोणत्या खणात कोणाची फाइल झोपते ते ठाऊक नाही. ती अर्ज भरते, पोच घेते, वाट पाहते. जागेचं भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू, आणलेल्या माणसांचे पगार चालू. मुख्यालयातून दर सोमवारी विचारणा: समोरच्यांचं दुकान उघडलं, आपलं का नाही? बिचाऱ्या तिथल्या व्यवस्थापकाने काय लिहावं? ‘आपण प्रामाणिक आहोत’ हे कारण तिमाही अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. शेवटी एक तर तो गाशा गुंडाळतो, नाहीतर आपला नंबर मिळवतो. आपली जाहिरात ही अशी फुकटात होते.

खरं सांगू? परवाना हा आपला दुय्यम माल. आपण विकता ते अज्ञान. कंपनीने आपल्याला फी द्यायची, पुढे पाकिटं कुठे गेली ते तिला माहीत नसायचं. मेक्सिकोतल्या वॉलमार्टमध्ये हे परवाने मिळवण्याचं काम पाहिलेल्या वकिलाने 2005 मध्ये कंपनीला कळवलं, की हेस्तोरच्या बिलावर काम मोघम लिहिलेलं असे आणि खरं काम सांगायला सांकेतिक खुणा असत: परवाना लवकर, दंड माफ, गोपनीय माहिती. म्हणजे अज्ञानाचीही व्यवस्थित नोंदवही! मग चौकशी निघाली आणि ती सोपवली मेक्सिको शाखेच्या ज्या विधी प्रमुखाकडे, त्याचंच नाव आरोपांत होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर काय निष्पन्न व्हायचं ते झालं. ब्राझीलमध्ये आपल्या भगिनीने तर इतक्या झटपट परवाने काढून दिले, की कंपनीतली माणसं तिला चेटकीण म्हणत. तिला पैसे बांधकाम कंत्राटदारांमार्फत पोचत.

आमच्याकडेही कंत्राटदाराचा आडोसाच लोकप्रिय. अमेरिकी रोखे आयोगाच्या 2019 च्या आदेशानुसार, कॉग्निझंटच्या चेन्नईतल्या संकुलाच्या नियोजन परवान्यासाठी 20 लाख डॉलर मागितले गेले, ते कंत्राटदारामार्फत द्यायचं ठरलं आणि बिलात वाढीव कामं दाखवून झाकले गेले. पुण्यातल्या प्रकल्पाचाही त्यात उल्लेख आहे, तेव्हा आम्ही अगदीच मागे नाही. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता अडीच कोटी डॉलर भरले. वॉलमार्टने त्याच वर्षी मेक्सिको, ब्राझील, चीन आणि भारत मिळून 28 कोटी डॉलरवर भरले. चौकशी आणि सुधारणांवर 90 कोटींहून जास्त गेले ते वेगळेच. वॉलमार्टच्या भारतातल्या संशयित लाचेबद्दल वॉल स्ट्रीट जर्नलने 2015 मध्ये लिहिलं होतं की रकमा हजारो, पण बहुतेक 200 डॉलरच्या आतल्या आणि काही तर पाच डॉलरच्या. पाच डॉलर! आमच्या कारकुनाने अडीचशे-तीनशे रुपये घेतले आणि त्याचा छडा लावायला अमेरिकेतून वकिलांची फौज उतरली. स्वस्ताई असावी तर अशी.

तसा अमेरिकेचा 1977 चा कायदाही मनाने मोठा आहे. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा, पण नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेली चिरीमिरी त्यातून वगळलेली. शिवाय 2025 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या कायद्याची अंमलबजावणीच काही काळ थांबवली, कारण म्हणे त्यामुळे अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागे पडतात. एप्रिलमध्ये कॉग्निझंटच्या दोन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवरचा खटलाही मागे घेतला गेला; दोघांनी आरोप नाकारलेच होते. आपल्या धंद्याला बरे दिवस आहेत.

कळावे, लोभ आहेच. तो नसता तर आपण नसता.

आपला,
रांगेतला एक अर्जदार

ता. क. – आमच्या लाचविरोधी कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनुसार लाच देणाराही गुन्हेगार आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास तो सुटतो. तक्रार सात दिवसांत नोंदवून पोच मिळवायची झाल्यास आपला दर काय, कृपया कळवावा.