हवाई अंतराचे काका

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी मुलगा अमेरिकेत असतो आणि एक तरी काका त्या अमेरिकेचं अंतर मोजत असतात. मुलगा त्यांचाच असावा लागतो असं मुळीच नाही.

“मुलगी निघाली बरं का न्यूयॉर्कला,” असं तुम्ही म्हणालात की बाकीचे पेढे मागतात. काका विचारतात, “थेट, की मध्ये उतरून?” थेट म्हटलंत की ते डोळे मिटतात. “मुंबई–न्यूयॉर्क. साडेबारा हजार किलोमीटर. हवाई अंतर हं! विमान तेवढंच उडेल असं समजू नका.”

मग नातवाचा पृथ्वीचा गोल आणि सुतळी बाहेर येते. भिंतीवरच्या नकाशात आडवी रेघ ओढणाऱ्यांची काकांना मनापासून कीव येते. “सरळ पश्चिमेला कशाला जाईल? ताणा सुतळी!” ताणलेली सुतळी अफगाणिस्तान, रशिया करत चक्क आइसलंडवरून जाते. आपण ‘वा!’ म्हणतो. म्हणायचं नसतं. कारण आता पाकिस्तानचं आकाश निघतं: एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना बंद, म्हणून वळसा, म्हणून जास्त इंधन. त्यानंतर वारे. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. परतीचा प्रवास तास-दीड तास लवकर उरकतो, तो त्यामुळे.

इथे तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले हमखास तोंड घालतात : “पृथ्वी खालून फिरते ना, मग पश्चिमेला जाणारा लवकर पोचायला हवा!” काका दुखावतात. “अहो, पृथ्वी हवेलासुद्धा घेऊन फिरते! नाहीतर उडी मारलीत की कोथरूडऐवजी वारज्यात उतराल.”

वहिनींचा हिशेब त्याहून सोपा. “रात्री दोनला बसली आणि सकाळी आठला पोचली. सहाच तास!” काका चहाचा कप खाली ठेवतात. “वहिनी, त्यात साडेनऊ तास मिळवा. उन्हाळा आहे म्हणून साडेनऊ. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं मागे गेली की साडेदहा.” वहिनी एव्हाना भाजीची पिशवी घेऊन जिन्यात पोचलेल्या असतात.

ज्या रात्री विमान सुटतं त्या रात्री मुलीचे आईवडील झोपतात, काका नाही. फोनवरचं इवलंसं पिवळं विमान ते डोळ्यांनी ढकलत असतात. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येतो : “तुर्कस्तान लागलं. अकरा मिनिटं पुढे.” स्वतः काका विमानात एकदाच बसलेत, पुणे–दिल्ली. खिडकी मिळाली नाही. ती खंत अजून निघते.

एवढ्या माणसाला एकच अंतर जमत नाही. पुण्याहून मुंबईचं विमानतळ, दीडशे किलोमीटर. “अडीच तास. फार तर तीन,” असं ते ठामपणे सांगतात आणि शुक्रवारच्या संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेला कंटेनर त्यांच्या कुठल्याही कोष्टकात नसतो. तिथे समोरचा वाराही नसतो आणि पाठचाही.

तेव्हा काकांना विचारून कोणाला विमानतळावर सोडायला निघू नका. आणायला जाताना मात्र त्यांना जरूर गाडीत घ्या. विमान कधी टेकणार, हे त्यांना तिथल्या फलकाआधी कळलेलं असतं.