लाकूड आमचं, मजुरी तुमची

यवतमाळात आजारी माणसाला डॉक्टर वेळेवर भेटेल की नाही सांगता येत नाही, पण आजारी झाडाचं निदान फाटकाबाहेर उभ्याउभ्या होतं आणि इलाजही ठरलेला असतो: तोडा. कडुनिंबाची पानं गळतात, अंगणात कचरा होतो, तोडा. पानं गळत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात ऊन येत नाही, तोडा. मुळ्या सेप्टिक टँककडे निघाल्या, तोडा. वास्तुवाले म्हणतात ईशान्येला झाड नको, तोडा. नव्या गाडीवर पाखरं बसतात, मग तर तोडाच. झाड तोडून झालं की तेच घरमालक भर मे महिन्यात दुसरा कूलर घ्यायला बाजारात जातात आणि दुकानदाराला विचारतात, "यंदा ऊन लयच नाही वाढलं का हो?"

उन्हाळा संपत आला की आर्णी रोडपासून दारव्हा रोडपर्यंत कॉलन्याकॉलन्यांतून तज्ज्ञांची फेरी सुरू होते. मोटारसायकलला दोर आणि कुऱ्हाड बांधलेली, हल्ली सोबत कटर मशीन. तज्ज्ञ गाडी थांबवतो, झाडाकडे पाहतो. नीट बघा, तो शेंड्याकडे पाहत नाही, बुंध्याकडे पाहतो. मग हळहळतो.

"भाऊ, झाड झुकलं ना तुमचं. वारंधून आलं तं घरावरच येते."

घरमालकाने आदल्याच रात्री टीव्हीवर वादळ पाहिलेलं असतं. "मंग काय करा लागते?"

"काईच नाई. खोड ठेवून देतो, बाकी सपाट. लाकूड आमचं, मजुरी तुमची."

या चार शब्दांत जिल्ह्याचं सगळं वृक्षशास्त्र सामावलेलं आहे. ऑपरेशनची फी घेऊन वर काढलेली किडनीही घरी नेणारा सर्जन असता, तर शहरात एकाचीही किडनी धड निघाली नसती. झाडांच्या बाबतीत आपण हाच करार बिनदिक्कत करतो आणि वर "माणूस भला आहे, फांद्यासुद्धा उचलून नेतो" म्हणून चहा पाजतो.

फांदी कापण्याची एक रीत असते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे फुगीर कडं दिसतं. त्यापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून काप, आणि फांदीचं वजन उतरलं की उरलेला खुंट त्या कड्याच्या बाहेरून नीट कापायचा. आमचे तज्ज्ञ वरून एकच घाव घालतात. फांदी कडाडते आणि खाली येता येता खोडाची साल पार बुडापर्यंत सोलून आणते. मग त्या जखमेवर घरात उरलेला ऑईलपेंट फासतात. अलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अख्खी हयात झाडं उभी चिरून आत काय चालतं ते पाहण्यात घालवली. झाड जखम भरून काढत नाही, कुजलेला भाग कोंडून घेऊन पुढे वाढतं आणि रंग फासल्याने कूज थांबत नाही, हे त्याने दाखवून दिलं. पण शिगो लाकूड घरी नेत नव्हता, म्हणून त्याचं इथे कोण ऐकणार?

झाड आजारी पाडण्याची व्यवस्थाही आपण चोख ठेवलेली आहे. अंगणात चिखल नको म्हणून बुंध्याला भिडवून गट्टू बसवायचे. झाडाभोवती निदान 1 मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीला बजावलं होतं. पण दिल्ली यवतमाळहून लांब आहे. गट्टूंखाली ना पाणी मुरतं ना हवा शिरते. चार उन्हाळ्यांनी शेंडा वाळतो आणि आपण म्हणतो, रोग पडला. रोग पडतोही. 2021 मध्ये शेजारच्या तेलंगणात कडुनिंबांचे शेंडे ठिकठिकाणी वाळले, लोकांना झाडं मेलीच वाटली. त्यातली बरीच पुढे पुन्हा पालवली. ती वाचली, कारण कुणीतरी कुऱ्हाडीआधी थोडा धीर धरला. झाड जिवंत आहे की नाही, हे पाहायला डहाळीची साल नखाने खरवडली तरी पुरतं. आत हिरवं असेल तर जीव आहे.

पण जिवंत झाडाला विचारतो कोण? पुसद तालुक्यातल्या खर्शीचं झाड आठवा. वर्षानुवर्षं ते वावरात उभं होतं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात जमीन गेली, तेव्हा ते रक्तचंदन असल्याचं पुढे आलं आणि किंमत लावली गेली जवळपास 5 कोटी. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, रेल्वेने 1 कोटी रुपये जमा केले आणि 2025 मध्ये त्यातले 50 लाख काढायची मुभा जमीनमालक कुटुंबाला मिळाली. पुढे ते रक्तचंदन नसून बिजा आहे, असाही वाद रंगला. रेल्वे आली नसती तर त्याचं नाव काय, हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

उभ्या झाडाचाही हिशेब झालेला आहे. बंगालमध्ये रेल्वे पुलांसाठी झाडं तोडण्याच्या खटल्यात मूळचे नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठापुढे 2021 साली तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. त्यात झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे 74,500 रुपये मोल धरलं होतं. तुमच्या अंगणातल्या 40 वर्षांच्या निंबाचे किती झाले ते तुम्हीच मोजा, आणि तज्ज्ञ तो कितीला नेतो तेही आठवा.

कायदाही आहे. शहरी भागातली झाडं जपण्याचा राज्याचा अधिनियम 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरचं झाड वारसा ठरलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावणं आलं. त्यामुळे तोडायच्या अर्जात सगळी झाडं एकदम तरुण झाली. लावण्यात मात्र आपला हात कुणी धरणार नाही. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या जयंतीला, 1 जुलैला, दरवर्षी खड्डे आणि कॅमेरे सज्ज असतात. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावलेलं झाड सांभाळायचा दिवस कॅलेंडरवर अजून छापलेला नाही.

तेव्हा वाचकहो, झाडाला माणूस बोलवायचाच असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नगरपालिकेची परवानगी घ्या, गट्टू उचला. आणि येणाऱ्याला फाटकातच सांगा, मजुरी दुप्पट देतो, पण लाकूड इथेच राहील. निम्म्याहून अधिक झाडांचा आजार तिथल्या तिथे बरा होईल.