पाहुणे निघाले, यजमान झोपलेले

गालापागोसच्या जहाजावर शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत उठवतात. विमान दुपारचं असतं, पण जाता जाता एक फेरी पदरात पाडून घेतल्याशिवाय माणसं हलत नाहीत, हे कंपनीला ठाऊक असावं. आमच्या गटातल्या ठाण्याच्या काकांना तर ते हवंच होतं. राष्ट्रीय उद्यानाची नुसती प्रवेश फी माणशी 200 डॉलर. ऑगस्ट 2024 आधी ती 100 होती. हा वरचा शंभर काकांच्या मनातून गेला नव्हता. दिसेल त्या प्राण्याकडे ते वसुलीच्या नजरेनं बघत.

पंचाईत अशी की, प्राणी त्यांच्याकडे बघतच नव्हते. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवर, ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटं. माणूस इथे पोचला तोच उशिरा, त्यामुळे त्याला भ्यायचं असतं हे इथल्या प्राण्यांना कुणी शिकवलंच नाही. न भ्यायला आमची हरकत नव्हती, पण निदान दखल? प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे. तो पाळायचा आपण. सी लायन खुशाल येऊन आपल्या बुटाशी आडवा होतो. सागरी इग्वाना समुद्रातलं शेवाळ खातो आणि अंगातलं जादा मीठ नाकातून फुर्रकन उडवतो. ते काकूंच्या गॉगलवर उडालं, तेव्हा त्यामागचं शास्त्र ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तर शेवटची फेरी. सांता क्रूझ बेटाच्या उत्तरेला ब्लॅक टर्टल कोव्ह नावाची खाडी आहे. तिथे पांगातून, म्हणजे इथल्या रबरी होडीतून, जायचं. आत शिरल्यावर इंजिन बंद केलं, वल्ही काढली. गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना खारफुटी.

"एवढ्यासाठी इथवर आलो? ठाण्याची खाडी काय वाईट होती?" काका कुजबुजले. काकांची कुजबुज पलीकडच्या पांगात नीट ऐकू गेली.

तेवढ्यात पाण्यावर दोन डोकी आली. कासवांची जोडी. खाली मादी, तिच्या पाठीवर नर, आणि भोवती आणखी दोन नर ताटकळत. नंबर लागेल या आशेवर ते असेच थांबतात, गाइड हळूच म्हणाला. आणि हे तासन्‌तास चालतं.

"तासन्‌तास?" काका.

"तुम्ही तिकडे बगळा बघा," काकू.

परत आलो तर केबिनमध्ये उशीवर दोन पाकिटं. एक खलाशांसाठी, एक गाइडसाठी. आकडा कुणी सांगत नाही; आणि सांगत नाहीत म्हणूनच नाश्ता गार होईपर्यंत आमची चर्चा चालली. कोण किती घालतंय हे काढून घ्यायचं आणि आपलं मात्र सांगायचं नाही, या कामात आपण लग्नाच्या आहेरांमुळे तरबेज असतो. शेवटी रक्कम ठरली तर काकू अडल्या: वर एक हवाच, गोल आकडा द्यायचा नाही. इक्वाडोरमध्ये 2000 सालापासून अमेरिकन डॉलरच चलन आहे आणि डॉलरची नाणीही सर्रास चालतात, म्हणून बरं. प्रत्येक पाकिटात नाणं पडलं. गाइडनं आपलं पाकीट दोनदा हलवून पाहिलं.

विमानतळाच्या बाल्ट्रा बेटावरच्या धक्क्याकडे निघालो तेव्हा डोक्यावर फ्रिगेटबर्ड तरंगत होते. "बघा, पोचवायला आलेत," काकू गहिवरल्या. हा पक्षी दुसऱ्यांच्या तोंडचे मासेही पळवतो आणि जहाजामुळे वर उसळणाऱ्या हवेवर फुकट तरंगतो, हे त्यांना त्या क्षणी सांगणं माझ्या जिवावर आलं.

धक्क्यावर बसायला बाकं होती. त्यांवर सी लायन झोपले होते. एकानं एक डोळा उघडला, आमच्या बॅगा पाहिल्या, मिटला. आम्ही उन्हात उभे. एवढ्यात विमानतळाची बस आली आणि नवी मंडळी उतरली. कोऱ्या टोप्या, सनस्क्रीननं पांढरी नाकं. सी लायन दिसताच धावाधाव. एक गृहस्थ तर फोटोसाठी गुडघ्यावर बसले.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन मीटर," ते इंग्रजीत करड्या आवाजात म्हणाले, "आणि याच्यावर बॅटरी घालवू नका. पुढे ढिगानं आहेत."