साठ तारखेचं दूध

साठ तारखेला आमच्या गावच्या घरी सहा लिटर दूध आलं. दर लिटरला दीड रुपया. मग पुन्हा साठ तारीख उगवली आणि दूध सात लिटर. महिनाअखेर म्हैस तीस लिटरवर पोचली होती, आणि बिल निघालं ११५५ रुपये ५० पैसे.

हिशेब माझ्या प्रोग्रॅमचा. मी बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहितो. 'इनपुट तपासलंस का?' असं ज्युनिअर पोरांना विचारण्याबद्दल ऑफिसात प्रसिद्ध आहे (पोरं वेगळा शब्द वापरतात).

अण्णा नोटपॅडमध्ये रोज एक ओळ टाइप करतात : तारीख, लिटर, दर. '१ २ ६०'. या वयात ते तोंडी बेरजा करतात हे मला बघवेना, म्हणून सी प्लस प्लसमध्ये दहा ओळी खरडल्या. तारीख इंट, लिटर इंट, दर डबल. पहिल्या चार ओळींत दोनच लिटर दिसलं, म्हटलं इंट पुरे. पाचव्या ओळीत होतं १.५.

इंटला पूर्णांकच चालतो. त्याने १ उचलला आणि टिंब दिसताच हात आखडला. उरलेलं .५ वाया जात नाही, ते शेजारच्या पानात पडतं. शेजारी दर. तो डबल, त्याला अपूर्णांकाचं वावडं नाही. झालं, दूध आठ आणे लिटर! मग दराचे साठ तारखेने खाल्ले, तारखेचे सहा लिटरने, आणि अख्खी पंगत एकेक पान सरकली. कुणी हूं की चूं केलं नाही. पायथॉन असता तर इंटसमोर '१.५' येताच व्हॅल्यूएरर तोंडावर मारून तिथेच थांबला असता.

मुळात मराठी माणसाने लिटर इंटमध्ये ठेवावं हेच पाप. आपल्याकडे अपूर्णांकांना घरच्या माणसांसारखी नावं आहेत : पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. अडीचला साडेदोन म्हणून बघा, वाणी आधी तुमचं तोंड बघेल आणि मग साखर मोजेल. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन. देवाधर्माचाही हिशेब आम्ही डबलमध्ये ठेवतो! अण्णांच्या शाळेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. साडेतीनची ती औटकी. मी सतरा नव्वे म्हणताना अजून चाचरतो, मला औटकी कुठली यायला?

शेवटी फोन लावला. "अण्णा, पाच तारखेला एकदम दीड कसं काय लिहिलंत?" आवाज असा, की चूक त्यांचीच.

"चार तारखेला रात्री तू गेलास ना? तुझं अर्धा लिटर कमी केलं."

मला पटकन काही बोलता येईना. अण्णांनी माझं जाणं मांडून ठेवलं होतं, दशांश चिन्हासकट. आणि मी नेमक्या त्या अर्ध्यालाच जागा ठेवली नव्हती.

लिटर डबल केलं. बिल आलं २८२०.

"तेवढेच दिलेत," अण्णा म्हणाले, "एक तारखेलाच. आणि हे बघ, दिवाळीला येणार असशील तर आधी कळव. गवळ्याला दोन लिटर सांगावं लागतं."