पर्शियन हवं, केस नकोत

चिपळुणात ‘रेस्क्यू’ म्हटलं की आजवर सर्पमित्र आठवायचा. न्हाणीघरात घोणस शिरली, विहिरीत बिबट्या पडला, वाशिष्ठीतली मगर पावसाळी फेरफटक्याला गावात आली, की फोन फिरवायचा. २०२४च्या जूनअखेर चिंचनाका परिसरात एक मगर भर पावसात, भर रस्त्यातून अशी निवांत चालत गेली की खड्ड्यांची पाहणी करायला आलेल्या साहेबांनाही ती ऐट जमू नये. शिवाय सह्याद्री निसर्ग मित्र ही इथलीच संस्था. समुद्री कासवांपासून खवले मांजरापर्यंत तिचं काम सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. थोडक्यात, जनावर वाचवणं या गावाला नवं नाही. नवं आहे ते जनावर. पांढरं, फुगलेलं, चपट्या नाकाचं, कुठल्या तरी अपार्टमेंटच्या जिन्याखाली खोक्यात ठेवलेलं पर्शियन मांजर. साप पकडायची काठी घेऊन आलेला पोरगा ते बघून बावचळतो, कारण सापाला पकडून जंगलात सोडता तरी येतं.

मग फोटो काढला जातो, खाली ‘दत्तक देणे आहे’ लिहिलं जातं आणि व्हॉट्सअॅपवर तो तालुकाभर फिरतो. फोन सुरू होतात. पहिला प्रश्न : फुकट आहे ना? दुसरा : ओरिजिनल आहे का? तिसरा प्रश्न जाणकाराचा : डॉल फेस की पंच फेस? चौथा मात्र सगळ्यांत खरा. मादी आहे का? आहे म्हटलं की आवाजात मध येतो. नसबंदी करूनच देणार म्हटलं की मध संपतो. ‘मग काय उपयोग?’ असं म्हणून फोन ठेवला जातो. प्राणिप्रेमाचं ऑपरेशन इतक्या कमी वेळात दुसरीकडे कुठे होत नसेल.

त्याच फोटोत, त्याच खोक्याच्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा दोन-तीन गावठी पिल्लंही असतात. काळी-पांढरी, शेपटी ताठ, डोळे चमकदार. त्यांच्याबद्दल एकही फोन येत नाही. ती फोटोत आली कशी, असंच लोकांना वाटत असावं.

‘ओरिजिनल’ची हौस तशी जुनीच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, त्या काळात, १८१५ साली, त्याचं काबूलच्या राज्यावरचं पुस्तक निघालं. तिकडच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की ही मोठ्या संख्येनं बाहेर पाठवली जातात, सगळीकडे त्यांना ‘पर्शियन’ म्हणतात, पण इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून बाहेर तर जवळजवळ जातच नाहीत. म्हणजे लेबल चिकटवायचा धंदा दोनशे वर्षांपूर्वीच जोरात होता. देवगडचा शिक्का मारून भलताच आंबा खपवणाऱ्यांनी उगाच स्वतःला संशोधक समजू नये.

हल्ली पर्शियनवरही भागत नाही. आता ‘मेन कून’ लागतो. अमेरिकेतल्या मेन राज्याचं हे मांजर. १९८५पासून त्या राज्याचं अधिकृत मांजर आहे, नर सहा-आठ किलोंचा सहज होतो आणि पूर्ण भरायला तीन-चार वर्षं घेतो. कानांवर केसांचे झुपके, मानेभोवती आयाळ, पंज्यांत केस. ही सगळी तयारी बर्फात चालण्यासाठी. आपल्याकडे कानावर दोन केस जास्त असलेलं कुठलंही पिल्लू मेन कून म्हणून विकलं जातं. वर्षभरात ते साडेतीन किलोंवर थांबलं की मालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि शिक्षा मांजराला होते.

बर्फासाठी केलेला तो कोट चिपळूणच्या जुलैत काय करतो, हे पाहण्यासारखं असतं. ज्या दिवसांत दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, त्या दिवसांत आतल्या मऊ लोकरीचा थर वाळेल अशी अपेक्षा धरायची. रोज विंचरलं नाही तर काखेत, पोटाखाली, कानामागे गुंते होतात, गुंत्यांच्या जटा होतात आणि जटा कातडी ओढायला लागतात. मांजर हात लावू देत नाही. मालक म्हणतो, ‘चिडकं झालंय.’ शेवटी डॉक्टरांकडे गुंगीचं औषध देऊन सगळं भादरावं लागतं आणि फुगलेल्या राजाच्या आतून एक किरकोळ, लाजलेलं मांजर निघतं. एप्रिल-मे वेगळाच. पर्शियनला चपट्या नाकानं दम लागतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, ते रोज पुसावं लागतं. विकणारा यातलं काही सांगत नाही. तो फक्त ‘ट्रिपल कोट’ म्हणतो, जणू भिंतीला रंग द्यायचाय.

दमट हवेत बुरशीची चैन असते. पर्शियनच्या केसांत ती विशेष रमते, आणि मांजराची बुरशी माणसालाही लागते. आधी धाकट्याच्या दंडावर गोल चट्टा उठतो, मग आईच्या मानेवर. अख्खं घर गजकर्णाचं मलम चोळत बसलं की कुटुंबाची बैठक भरते आणि ठराव एकमतानं पास होतो : मांजर गावी पाठवायचं.

गावी पाठवणं हा कोकणचा खास मार्ग. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात ज्याचं करायचं काय हे कळत नाही, ते चाकरमानी गणपतीत किंवा मे महिन्यात गावच्या घरी आणून ठेवतो. जुना फ्रीज, मोडका सोफा, पोराची लहान झालेली सायकल, आणि आता पर्शियन. मुंबई-गोवा महामार्गाचे हाल सोसून ते पेटीतून उतरतं, जांभ्याच्या लाल धुरळ्यात एकदा लोळतं आणि संध्याकाळपर्यंत पांढऱ्याचं विटकरी होतं. ‘मोकळ्या हवेत बरं राहील,’ असं म्हणून मंडळी परत जातात. मागे राहते आजी. गुडघे धरलेली, स्वतःचे केस विंचरायला शेजारणीला हाक मारणारी. तिला ब्रश दाखवलेला असतो. पिशवीभर कोरडं खाणं ठेवलेलं असतं, ते संपल्यावर काय हे सांगायचं राहून जातं. आजी दूधभात घालते, बांगड्याचं डोकं टाकते. मांजर काटा बघून तोंड फिरवतं. ओसरीवरचा गावठी बोका तेवढं आनंदानं संपवतो आणि जाता जाता पाहुण्याचा कान फाडून जातो.

कायद्याचं काय? कायदा आहेच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०. उपासमार होईल अशा तऱ्हेनं जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास हा कमाल आकडा बरं का. मांजराच्या वाळूच्या एका पिशवीला याहून जास्त पडतात, तेव्हा हिशेबी माणसानं काय निवडावं? कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली निदान वेगळे नियम तरी झाले. मांजरांना त्यात जागा नाही. २०१८च्या पेट शॉप नियमांत मांजर आहे, पण ते नियम दुकानाला. बेडरूममध्ये पिंजरा मांडून इन्स्टाग्रामवर पिल्लं विकणारा माणूस स्वतःला दुकान म्हणवून घेत नाही, तो ‘कॅट लव्हर’ असतो. आईबापांपैकी एकाकडून जरी जनुकातला दोष आला तरी पिल्लाच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, हा पर्शियनचा प्रसिद्ध आजार. रक्ताची किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची तपासणी करून तो आधी कळतो. लव्हरला तपासणीचं नाव काढून बघा.

म्हणून दत्तक देणारी पोरं हल्ली प्रश्न विचारतात, तर त्यांचाही लोकांना राग. ‘मांजरच नेतोय, मुलगी मागत नाही,’ असं ऐकवतात. घर स्वतःचं की भाड्याचं, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, ट्रायकॅटची लस चुकणार नाही ना. यात चुकीचं काय आहे कळत नाही. उलट माझ्या मते चिपळूणच्या फॉर्मात एक रकाना कमी आहे. घर पुराच्या निळ्या रेषेत की लाल रेषेत? २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिव नदीनं बाजारपेठेत पहिल्या मजल्याचं दार ठोठावलं, तेव्हा लोकांनी गॅसचा सिलिंडर वर नेला, टीव्ही नेला, धान्याचे डबे नेले. पिंजऱ्यातलं जनावर स्वतःहून जिना चढत नाही. पूररेषेवरून भांडायला आपण मुंबईपर्यंत जातो, तर पाणी आल्यावर मांजर कुठल्या मजल्यावर असेल एवढं एका ओळीत लिहायला हरकत नसावी. ज्यांना ही ओळ लिहिता येत नाही त्यांनी भिंतीवर मांजराचं कॅलेंडर लावावं. त्याचे केस गळत नाहीत.

यातून काही जण टिकतात, हेही सांगायला हवं. एका निवृत्त बाईंनी जिन्याखालचा एक बहिरा बोका नेला. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. विकताना त्याच डोळ्यांचे जास्त पैसे लावले होते. बाई रोज सकाळी बातम्या ऐकत त्याला विंचरतात. बोक्याला बातम्या ऐकू येत नाहीत, त्यामुळे त्याची तब्येत उत्तम आहे.

बाकी पोरांचा फोन वाजतच असतो. परवा एका गृहस्थांनी अगदी अदबीनं चौकशी केली. पर्शियन आहे का, रंग कोणता, वय काय. सगळी उत्तरं समाधानानं ऐकली. खिडक्यांना जाळी बसवतो म्हणाले, नसबंदीलाही हरकत नाही म्हणाले. पोरं खूष. मग त्यांनी विचारलं, ‘तुमची गाडी सोडायला येईल ना? येतेच आहे तर आमच्याकडची दोन गावठी तेवढी घेऊन जा, घरात फार केस होतात.’