रंगावर जाऊ नका

नाना घरी येणार असतील तर आधी टीपॉयवरची काच उचलून ठेवावी. आमच्या काचेवर वीतभर ओरखडा आहे, तो त्यांचा. हिने हौसेने गुलाबी दगडाचा दिवा आणला होता. 'अस्सल गुलाबी स्फटिक, घरात शांतता नांदते,' असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलेला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही उच्चारतात ते वाक्य टाकलं, "रंगावर जाऊ नका." खिशातून आपला गुलाबी स्फटिक काढून काचेवर ओढला. "काठिण्य सात. काच साडेपाचाच्या आसपास. चरा पडणारच." मग वाकून दिवा चाटला. "सैंधव! पावसाळ्यात पाझरेल."

जुलैत पाझरला. शांतता तेवढी नांदली नाही.

उभी नोकरी भूजल खात्यात, विहिरींच्या काठावर गेलेली. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत गुलाबी खनिजं सापडतात, त्यांनीच या माणसाला बिघडवलं. अजिंठ्याला लोक लेणी बघतात. नाना पायथ्याशी दगड विकणाऱ्यांसमोर उकिडवे बसतात. "मधे आवळलेल्या पेंढीसारखा तो स्टिल्बाइट, शवपेटीच्या आकाराचा तो ह्यूलँडाइट. दोन्ही गुलाबी, म्हणून सांगतो..." विक्रेता किंमत उतरवत जातो, हे आकार समजावत राहतात.

मामींच्या अंगठीचं प्रकरण मात्र घरात अजून धुमसतंय. सासूकडून आलेलं माणिक. नानांनी पेनाएवढी नळी डोळ्याला लावून खडा फिरवला. "माणकात दोन छटा दिसतात. इथे एकच. लालडी असेल, नाहीतर तामडा." मामींचा चेहरा उतरला. "अहो, पण लालभडक आहे की!" पुढचं वाक्य आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं. नाना सांत्वनाला धावले, "इंग्लंडच्या राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक'सुद्धा लालडीच आहे. त्यांचं कुठे अडलं?" मामींचं अडलं. इंग्लंडच्या राणीला माझ्या सासूबाई नव्हत्या, म्हणाल्या.

अशा माणसाला पुतणीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला कोण बोलावेल? कुणीच बोलावलं नव्हतं; साखर मागायला आले आणि बसले. मुलाच्या आईने पोहे खाता खाता विषय काढला. मुलगी हुशार आहे, नोकरी चांगली आहे, "फक्त रंग जरा..."

खोलीत कुणी बोलेना. माझा भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. नानांनी खिशातून चकचकीत काळा हेमॅटाइट आणि फुटक्या फरशीचा तुकडा काढला. फरशीची गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर. दगड ओढला. काळ्या दगडाची तांबडी रेघ उमटली. "आपला गेरू लाल असतो तो याच खनिजामुळे," ते म्हणाले. मग लोहाचं प्रमाण सांगितलं, सत्तर टक्के. मग लाल चिखलाबद्दल बोलले. पोहे गार झाले तरी बोलत राहिले. पुतणी पदराआड हसत होती. त्या दिवशी टीपॉयचा ओरखडा मी मनातून माफ केला. काचेचे पैसे अजून मागणार आहे.

पाहुणे निघाले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचले असतील, तेवढ्यात नाना कठड्यावरून वाकून ओरडले, "ताई, तुमच्या अंगठीतलं माणिक काचेचं आहे बरं का! आत बुडबुडे दिसले!"