परलोकवासी संग्राहकाच्या पिकअपची विक्रयमीमांसा

पिकअप ही गाडी की ट्रक, या प्रश्नाकडे मराठी विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. एरवी तो झोपलेला असतो. मालक निवर्तला, तेरावा उरकला आणि घरात कुणी 'त्या धुडाचं काय करायचं?' म्हणाले, की जागा होतो. आमच्यापुढचे उदाहरण कोल्हापुरातल्या एका कैलासवासी काकांच्या 1951 च्या शेवर्लेचे.

वंशावळ थोडक्यात. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि 1954 साली गाशा गुंडाळला. लक्षणे तीन: सहा सिलिंडर, सहा व्होल्ट आणि पायाने दाबायचा स्टार्टर. यातले तिसरे विक्रीला घातक. किल्ली फिरवून पाहणाऱ्या पुतण्याने 'इंजिन जाम आहे' असे गल्लीभर सांगून भाव आधीच पाडलेला असतो.

पूर्वपक्ष म्हणतो, ही गाडीच. प्रमाण असे की काकांनी हौद्यात कधी पोतेभर धान्यही टाकले नाही. यावर काकूंचा उत्तरपक्ष: मागचा फाळका आडवा केला की उन्हाळ्याचे सगळे सांडगे एका वेळी वाळतात. म्हणजे माल वाहिला नसला, तरी चढवला होताच.

सरकार काकूंच्या बाजूचे दिसते. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर देऊ केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रस्त्यावर न्यायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. पण नियमात बसतात दुचाकी आणि एम-1 वर्गातल्या, म्हणजे माणसे बसवायच्या चारचाकी. मालवाहू ती एन वर्गात. सत्तर वर्षे रिकामा राहिलेला हौदा इथे आडवा येतो. शिवाय गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो, आणि मृत्यूची वर्दी तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते. ज्या घरात मृत्यूचा दाखला कुठे ठेवलाय यावरून दोन भाऊ बोलेनासे झालेत, तिथे ही मुदत आम्हाला काव्यात्म वाटते.

आता गिऱ्हाईक. भंगारवाला वजनावर बोलतो. सगळ्यांत प्रामाणिक तोच, म्हणून त्याला चहा मिळत नाही. वरातीला भाड्याने लावणारा फक्त रंग विचारतो. अभ्यासाला खरा विषय लोहचुंबकवाला. तो खिशातून गोल चुंबक काढतो, रुमालात गुंडाळतो आणि बोनेटपासून मडगार्डपर्यंत डॉक्टरसारखा फिरवत नेतो. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. डाव्या मडगार्डावरून चुंबक टपकन खाली पडला. तो काही बोलला नाही; उचलून पुन्हा त्याच जागी लावला, पुन्हा पडू दिला आणि काकूंकडे पाहिले. घासाघीस म्हणतात ती हीच, बाकी नुसता आवाज.

याच गृहस्थावरून आमचा सिद्धान्त निघाला. भाव ठरेपर्यंत तो तिला 'ट्रक' म्हणत होता: 'ट्रकला कोण विचारतंय हो?' टोकनचे पैसे काकूंच्या हातात पडताच बायकोला फोन लागला, 'गाडी घेतली!' तेव्हा गाडी की ट्रक हे आकारावर ठरत नसून इसाराच्या अलीकडे-पलीकडे ठरते. न्यू जर्सीतले चिरंजीव याला अपवाद. अमेरिकेतल्या लिलावाच्या किमतीला ते रुपयाच्या दराने गुणतात आणि स्टिअरिंग उजवीकडे आहे हे विसरतात. त्यांच्या लेखी ती प्रॉपर्टी आहे.

एक शंका मात्र राहिली होती: जी कधी माल वाहत नाही ती मालवाहू कशी? ती ट्रान्सपोर्टवाल्याने फेडली. टायर बसलेले, म्हणून शेवर्ले दोरखंडाने ओढून दुसऱ्या ट्रकवर चढवली. बिल्टी फाडताना त्याने विचारले, 'माल काय लिहू?' घेणारा म्हणाला गाडी, पुतण्या म्हणाला ट्रक. त्याने दोघांकडे पाहून 'घरगुती सामान, नग एक' असे लिहिले आणि काकूंकडून सही घेतली.